घरच्या घरी रेडियम कटिंग: विनाईल कटर निवडण्यापासून पहिल्या कटपर्यंत

विनाईल कटर म्हणजे स्टिकरचं चिकट प्लास्टिक (विनाईल, बोलीत रेडियम) पात्याने कापणारं मशीन. ते घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो हा: "भाऊ, किती ग्रॅमचं मशीन आहे?" ग्रॅम म्हणजे पात्यावर पडणारा दाब. साधं रंगीत विनाईल ६० ते १२० ग्रॅम दाबात आरामात कापलं जातं आणि बाजारातली बहुतेक स्वस्त मशीनंही एवढा दाब सहज देतात. म्हणजे ज्या आकड्यावर मशीन खपतं, त्याचा स्टिकरच्या कामाशी फारसा संबंध नाही. स्टिकर बिघडतं ते वेगळ्याच कारणांनी. रोल तिरका सरकतो, पातं नको तितकं बाहेर असतं, देवनागरी अक्षरं फाईलमध्येच तुटलेली असतात, नाहीतर माल नागपूरच्या उन्हात टिकणारा नसतो.

मशीन निवडताना म्हणून रुंदी, रोल सरळ चालणं, सॉफ्टवेअर आणि सुटे भाग हा क्रम ठेवा. ग्रॅम सगळ्यात शेवटी.

आधी काम ठरवा

कागदावर लिहून काढा: काय कापणार, किती मोठं, महिन्याला साधारण किती. तान्हा पोळ्याच्या लाकडी नंदीवर लावायची झूल आणि नावं ४-५ इंचांत बसतात. पाण्याच्या बाटल्या, लॅपटॉप, डबे यांचंही तसंच. दुचाकीच्या टाकीवरचे पट्टे १२ ते १६ इंच लांब जातात. दुकानाच्या काचेवरचं नाव, क्लासची पाटी, ई-रिक्षाच्या मागची ओळ ही कामं दोन-तीन फुटांची असतात.

नंबर प्लेटच्या कामावर हिशेब मांडू नका. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट लागते आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची केलेली आहे. रेडियमवाल्यांचं ते जुनं हुकमी काम आता उरलेलं नाही. अशोकस्तंभाची सिंहमुद्राही कुणाला कापून देऊ नका. राष्ट्रचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा कायदा आहे. गिऱ्हाईक "साहेबांच्या गाडीसाठी पाहिजे" म्हणालं तरीही नाही.

आणि घरी किंवा ओळखीत लेझर कटर असेल, तर त्यावर विनाईल कापायचा मोह टाळा. विनाईल म्हणजे पीव्हीसी. ते जळलं की हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही.

१२ इंच की २४ इंच

घरगुती मशीनचे दोन वर्ग आहेत. एक क्राफ्ट मशीन: सिल्हूट कॅमिओ, क्रिकट एक्सप्लोर किंवा मेकर, ब्रदरचं स्कॅन-एन-कट. हे टेबलावर मावतात, आवाज कमी करतात आणि साधारण १२ इंच रुंदीचं काम करतात. दुसरा वर्ग साइन-बोर्डवाल्यांच्या प्लॉटरचा: रोलँड आणि ग्राफटेकची २४ इंची मशीनं, आणि ७२० मिमी नावाने विकली जाणारी चिनी मशीनं. या ७२० मध्ये कागद ७२० मिमीचा जातो, पण कट होतो साधारण ६३० मिमी. नावातला आकडा कटिंगचा नसतो, हे दुकानात आधी विचारून घ्या.

रंगीत विनाईलचा रोल साधारणपणे २४ इंच रुंद येतो आणि मीटरवर मिळतो. आता ४ इंची गोल स्टिकर घ्या, दोन स्टिकरमध्ये पाव इंच जागा सोडा. २४ इंची मशीनवर रोलर धरण्यासाठी कडेचा एक इंच जातो, उरलेल्या २३ इंचांत ५ रांगा बसतात. एका मीटरच्या लांबीत ९, म्हणजे ४५ स्टिकर. तोच मीटर मधोमध कापून १२ इंची मशीनवर लावला, तर प्रत्येक पट्टीत वापरायला साडेअकरा इंच मिळतात आणि दोनच रांगा बसतात. दोन पट्ट्या मिळून ३६ स्टिकर. बाकीचं विनाईल कचऱ्यात. पण स्टिकर साडेतीन इंचांचं केलं, तर दोन्ही मशीनवर ६० बसतात. तेव्हा तुमची मापं १२ इंचांत मावत असतील, तर रुंद मशीन घेऊन फायदा नाही. फक्त डिझाईनचं माप पट्टीला जुळवून घ्या.

नागपुरातल्या मानेवाडा-नंदनवनकडच्या वन बीएचकेत २४ इंची मशीन ठेवायचं, तर जागा आधी मोजा. मशीन जवळपास एक मीटर रुंद असतं. शिवाय एक मीटर लांब काम करायचं तर तेवढा माल मशीनच्या पुढे-मागे मोकळा फिरायला हवा. भिंतीला टेकवलेल्या टेबलावर रोल मागे आपटतो, थांबतो आणि कट तिरका होतो. त्यामुळे मशीनसोबत स्टँड घ्या.

क्राफ्ट मशीनची एक मर्यादा विकणारे सांगत नाहीत. क्रिकटवर साधं विनाईल चिकट मॅटवर लावूनच कापावं लागतं आणि मॅट १२ किंवा २४ इंच लांब असते. मॅटशिवाय लांब कापायचं, तर त्यांच्याच कंपनीचा खास माल घ्यावा लागतो. सिल्हूटवर साधा रोल मॅटशिवाय चालतो. मीटरवर मिळणारं विनाईल वापरायचं असेल, तर हा फरक मोठा आहे.

स्टेपर, सर्व्हो आणि बाकीचे शब्द

स्वस्त चिनी मशीनमध्ये स्टेपर मोटर असते. पातं खरंच सांगितलेल्या जागी पोहोचलं का, हे ती तपासत नाही. वेग जास्त ठेवला किंवा रोल अडकला, तर पावलं चुकतात आणि पुढचं सगळं डिझाईन सरकतं. सर्व्हो मोटर स्वतःची जागा तपासत राहते, आवाजही कमी करते. रोज चार तास कापायचं असेल तर सर्व्हो घ्या. आठवड्याला पाच-दहा ऑर्डर असतील, तर स्टेपरचा वेग कमी ठेवून चांगलं काम निघतं. रात्री मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाईल.

छापील स्टिकर कडेने कापून हवे असतील, तर खुणा ओळखणारा ऑप्टिकल सेन्सर किंवा कॅमेरा लागतो. नुसत्या रंगीत विनाईलच्या अक्षरांसाठी तो नसला तरी चालतं. लेझर पॉइंटरचा लाल ठिपका म्हणजे सेन्सर नव्हे. तो फक्त सुरुवातीची जागा दाखवतो.

सॉफ्टवेअर: देवनागरीची खरी परीक्षा

इंग्रजी अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेने जोडलेली. फॉण्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते एकसंध दिसतं, पण कटर बाह्यरेषेवर चालतो. तो दोन्ही अक्षरांच्या कडा वेगवेगळ्या कापतो आणि शिरोरेषेत प्रत्येक सांध्यावर उभी चीर पडते. स्टिकर लावल्यावर त्या चिरेत धूळ बसते आणि पहिल्या पावसाळ्यात अक्षरं तिथून उचलायला लागतात.

उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. इंकस्केप फुकट आहे आणि युनिकोड मराठी नीट दाखवतं. त्यात मजकूर लिहा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, ग्रुप मोडा, सगळं निवडून पाथ मेनूतलं युनियन द्या. मग आउटलाइन मोडमध्ये पाहा. शिरोरेषेत एकही आडवी-उभी अंतर्गत रेषा दिसता कामा नये. कोरलड्रॉमध्ये हेच काम कंट्रोल-क्यू आणि वेल्डने होतं. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मजकुराची वेलांटी आणि रफार जागा सोडतात, म्हणून तिथे लोक अजून श्रीलिपीसारखे युनिकोड नसलेले फॉण्ट वापरतात. फॉण्ट निवडताना मुक्त किंवा बलू यांची जाड वजनं घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि धंद्याच्या कामातही चालतात.

मशीनसोबतच्या सॉफ्टवेअरबद्दल दुकानातच विचारा. सिल्हूट स्टुडिओची फुकट आवृत्ती एसव्हीजी (इंकस्केपची नेहमीची) फाईल उघडत नाही. डीएक्सएफ प्रकारची उघडते, किंवा पैसे भरून वरची आवृत्ती घ्यावी लागते. क्रिकटचं डिझाईन स्पेस एसव्हीजी घेतं, पण त्याला त्यांचं खातं आणि इंटरनेट लागतं. चिनी मशीनसोबत साइनमास्टर मिळत असेल तर ठीक. जुन्या आर्टकटची सीडी हातात ठेवणाऱ्याकडे मात्र "विंडोज ११ वर चालवून दाखवा" म्हणा. तिथेच गाडी अडते.

दुकानात न्यायची चाचणी

पेन ड्राइव्हवर एक फाईल घेऊन जा. त्यात तीन गोष्टी ठेवा. २५ मिमी उंचीत "विदर्भ" आणि "नंदी" हे शब्द, म्हणजे वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही तपासले जातात. ५ मिमीचं वर्तुळ आणि १० मिमीचा चौकोन. आणि एक मीटर लांब, ५ सेमी रुंद आयत.

पात्याच्या जागी पेन लावायला सांगा. बहुतेक मशीनसोबत पेन येतो. लांब आयत त्याच जागी लागोपाठ तीनदा काढा. तिन्ही रेषा एकमेकींवर पडल्या पाहिजेत. दूरच्या टोकाला अर्ध्या मिमीहून जास्त फरक दिसला, तर रोल तिरका चालतोय. आधी रोल सरळ लावून आणि दोन्ही पिंच रोलर (माल वरून दाबणारी चाकं) ग्रिटच्या पट्ट्यावर (माल ओढणाऱ्या खालच्या रोलरच्या खरखरीत भागावर) बसवून पुन्हा करा. तरीही रेषा फाकत असतील, तर ते मशीन घेऊ नका. ही चूक वेग किंवा दाब बदलून जात नाही.

पात्याने वर्तुळ कापल्यावर सुरुवात आणि शेवट जुळतात का पाहा. न जुळल्यास पातं होल्डरमध्ये सैल असेल किंवा ऑफसेट (पात्याचं टोक आणि होल्डरचा मध्य यांतलं अंतर, जे मशीनला सांगावं लागतं) चुकला असेल. हे दुरुस्त होणारं आहे.

मग सुटे भाग. पाती, होल्डर, पात्याखालची पांढरी टेफ्लॉन पट्टी, पिंच रोलर, हेडची चपटी केबल: यातलं काय शहरात मिळतं आणि काय मागवावं लागतं, हे आधी विचारा. चिनी मशीनला बहुधा रोलँड पद्धतीचं पातं बसतं आणि ते सगळीकडे मिळतं. तुमच्या भागातला रेडियमवाला पाती कुठून घेतो आणि मशीन बंद पडल्यावर कुणाला बोलावतो, हे त्याला विचारलं तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त समजेल. सेकंड-हँड रोलँड किंवा ग्राफटेक मिळत असेल, तर ते नव्या चिनी मशीनपेक्षा चांगलं ठरू शकतं. त्यात टेफ्लॉन पट्टीवर खोल घळ पडली आहे का, ग्रिट रोलर गुळगुळीत झाला आहे का, आणि आजच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळतो का, एवढं पाहा.

माल: नागपूरचं ऊन मोजून

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी त्याहून खूप जास्त तापते. इथे विनाईलची जात महत्त्वाची. स्वस्त मोनोमेरिक विनाईल साधारण ८० ते १०० मायक्रॉन जाड असतं आणि उष्णतेने आकसतं. एका उन्हाळ्यानंतर अक्षराभोवती काळी चिकट रेघ दिसते, ती म्हणजे विनाईल मागे सरकून उघडा पडलेला गोंद. पॉलिमेरिक कमी आकसतं. कास्ट विनाईल ५० मायक्रॉनच्या आसपास पातळ असतं, जवळपास आकसत नाही आणि टाकीच्या गोलाईवर नीट बसतं. घरातल्या वस्तूंना मोनोमेरिक, काचेला आणि सपाट पत्र्याला पॉलिमेरिक, टाकी-मडगार्डला कास्ट. ओराकल ब्रँडचं घ्यायचं तर ६५१ क्रमांकाचं पत्र्याला, ९५१ टाकीला, आणि काढून टाकायच्या भिंतीवरच्या स्टिकरला ६३१.

डब्यावर लिहिलेली टिकण्याची वर्षं जशीच्या तशी धरू नका. ती बहुधा उभ्या पृष्ठभागाची आणि युरोपच्या हवेची असतात. बॉनेट किंवा टाकीच्या आडव्या भागावर, आपल्या उन्हात, निम्मी धरून गिऱ्हाइकाला सांगा.

चमकणारं रिफ्लेक्टिव्ह जाड असतं आणि पातं लवकर बोथट करतं. त्यासाठी ६० अंशाचं वेगळं पातं ठेवा आणि दाब दीडशे-दोनशे ग्रॅमपर्यंत न्या. ग्रॅमचा प्रश्न खरा ठरतो तो इथे.

पहिला कट

साध्या विनाईलला ४५ अंशाचं पातं, ऑफसेट ०.२५ मिमी. विनाईल आणि खालचा कागद मिळून जाडी साधारण पाव मिमी भरते. तेव्हा पातं होल्डरच्या तोंडाबाहेर जेमतेम दिसलं पाहिजे. नवशिक्यांचं पातं नेहमीच जास्त बाहेर असतं. तपासायची रीत अशी: होल्डर हातात पेनसारखा सरळ धरा आणि विनाईलच्या तुकड्यावर दाबून रेघ ओढा. जोर लावला तरी कागद फाटता कामा नये, त्यावर फक्त बारीक ओरखडा उमटावा.

आता होल्डर मशीनमध्ये बसवा. दाब ६० ग्रॅम, वेग सेकंदाला १०० मिमीच्या आसपास. १० मिमीचा चौकोन कापा आणि सुईने उचला. कडा धरून राहिल्या तर दाब १०-१० ग्रॅमने वाढवा. चौकोन स्वच्छ उचलला जातो आणि कागदावर हलकी खूण दिसते, तिथे थांबा. स्वस्त मशीनच्या पॅनलवरचे ग्रॅम अचूक नसतात, म्हणून दुसऱ्याचे आकडे उचलू नका. प्रत्येक मालाचे स्वतःचे आकडे रोलच्या नळीवर पेनने लिहून ठेवा.

कोपरे गोल येत असतील तर ऑफसेट कमी आहे, कोपऱ्याला टोकं फुटत असतील तर जास्त. उचलताना कोपरा चिकटून राहतो तिथे ओव्हरकट (रेघ संपल्यावर थोडं पुढे कापणं) अर्धा मिमी द्या. कट एका बाजूला नीट आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट आला, तर पात्याखालची टेफ्लॉन पट्टी झिजली आहे. दाब वाढवून काम रेटलं तर पट्टी आणखी खराब होते. विनाईल कापलं न जाता फाटतं, कडेला दोरे दिसतात: पातं गेलं. कापताना मशीन मध्येच थांबतं, संगणकाशी जोड तुटते: कोरड्या हवेतला स्थिर विद्युत भार. प्लगचं अर्थिंग तपासा आणि छोटी, चांगली यूएसबी केबल वापरा.

बारीक डिझाईन कुठे अडतं

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी अशोकचक्राची मागणी येते, आणि नवं मशीन घेतलेल्याची परीक्षा तिथेच होते. चक्राला २४ आरे. चक्र ५० मिमीचं आणि मधला गोल १० मिमीचा असेल, तर त्या गोलाचा परीघ ३१ मिमी. त्याला २४ ने भागा: आरा आणि त्याशेजारची फट मिळून १.३ मिमी. म्हणजे आरा साधारण ०.६५ मिमीचा. एवढी बारीक पट्टी सुईने फट काढताना सोबत उचलली जाते. तेच चक्र ८० मिमीचं, मधला गोल १६ मिमीचा केला, की आरा एक मिमीच्या वर जातो आणि काम सुरळीत होतं. कोणत्याही डिझाईनला हा एक मिमीचा नियम लावा. ५० मिमीच हवं असेल, तर मधला गोल मोठा करा आणि आरे बाहेरच्या टोकाला जाड होत जातील असे काढा. अनुस्वाराचा ठिपका २ मिमीहून लहान ठेवू नका, तो हमखास हरवतो.

चक्र उचलताना आधी बाहेरची चौकट काढू नका. २४ फटी आधी, मधल्या टोकाकडून बाहेर, चौकट शेवटी. चौकट जागेवर असली की कागद ताणलेला राहतो.

कूलर, साठवण आणि लावणं

उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो आणि त्याची ओली हवा विनाईलखालचा कागद पितो. कागद फुगतो, विनाईल फुगत नाही. मग कडा उचलतात, रोलवर नळीसारखे फुगवटे येतात आणि माल तिरका सरकतो. कापताना कूलर बंद ठेवा आणि रोल प्लास्टिकच्या पिशवीत, दुसऱ्या खोलीत ठेवा. टिनाच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर अजिबात नको, तिथे गोंद कडेने बाहेर येतो. रोल उभे करून ठेवा किंवा दांड्यावर टांगा.

लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गाडीला पॉलिश किंवा चेन स्प्रे उडालेला असेल तर दोनदा. नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर लगेच लावू नका, रंगातून सुटणारा वायू विनाईलखाली फोड आणतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्या. बादल्या-कॅनच्या मऊ प्लास्टिकवर आणि कूलरच्या खरखरीत टाकीवर विनाईल टिकत नाही, ते काम घेऊच नका.

तापलेल्या पत्र्यावर गोंद टेकताक्षणी धरतो आणि जागा सुधारायला वाव राहत नाही. मे महिन्यात काम सकाळी सात-आठच्या आत, सावलीत करा. मोठ्या अक्षरांना पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून फवारा द्या, स्टिकर सरकवून जागी आणा आणि मधून बाहेर स्क्वीजी (पाणी-हवा दाबून काढायची सपाट पट्टी) फिरवा. ओल्या कामाला कागदी ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून जागेवर नेणारी चिकट टेप) चांगली. टेप काढताना १८० अंशात, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. अक्षर टेपसोबत येऊ लागलं तर मागे घ्या, पुन्हा दाबा, पाच मिनिटं थांबा. तयार स्टिकर टेप लावून आठवडेच्या आठवडे तापलेल्या खोलीत ठेवले, तर टेप विनाईलला सोडत नाही. म्हणून टेप ऑर्डर द्यायच्या दिवशीच लावा.

गाडी दोन दिवस धुवायची नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगा आणि बिलावरही लिहा. टाकीच्या झाकणापासून स्टिकरची कड दोन-तीन इंच लांब ठेवा. पंपावर ओघळलेलं पेट्रोल कडेखाली शिरलं की गोंद विरघळतो, मग कास्ट असो की मोनोमेरिक.